हिरवी रेघ आणि हिच्या बांगड्या

मंडळी, आज दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरहून गुडगावपर्यंत जायचं जिवावर आलं होतं. पण लेकीच्या ऑफिसात तिच्या कामाचा डेमो होता आणि घरच्यांनाही बोलावलं होतं.

व्हिडिओत आकार बदलत जाणारी वस्तू कॉम्प्युटरने न हरवता ओळखत राहायची, हे आमच्या रेवाचं काम. चेंडूचं सोपं असतं, तो शेवटपर्यंत चेंडूच राहतो. म्हणून तिने आईचे मोदक निवडले. पिठाची चपटी पारी, मग वाटी, मग पाकळ्या, मग मोदक.

मागे घरी करून बघितलं, तर ओळखलेल्या वस्तूभोवती प्रोग्राम जी हिरवी रेघ काढतो, ती पारीवरून सुटून हिच्या बांगड्यांना चिकटायची. मी म्हणालो, "अगं, शूटिंगपुरत्या काढ ना."

"बिल्कुल नाही. मोकळ्या हातांनी मी नैवेद्य करत नाही."

रेवा म्हणाली, "राहू दे पप्पा. प्रोग्राममध्येच सुधारणा करते." त्यानंतर कित्येक रविवार ती घरी दिसलीच नाही.

आज मोठ्या पडद्यावर तेच हात, त्याच बांगड्या. रेघ मोदकाचं टोक जुळेपर्यंत पारीला धरून होती.

तिच्या साहेबांनी विचारलं, "बेटा, ये हाथ किसके हैं?"

"मेरी आई के, सर."

टाळ्या पडल्या. मी उगाच चष्मा पुसत बसलो.

ही मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, पारी जरा जाड झालीय. दुसरा व्हिडिओ घ्यायला सांगा तिला."

आता तुम्हीच सांगा, लेक कुणावर गेलीय?