ताक म्हणजे हो: पोलिश छावणीतले दिवस आणि नगरची एक फेरी

नगरच्या इस्पितळात नर्सिंग शिकून मी तिथेच नोकरीला लागले होते. काम चांगलं होतं, माणसं चांगली होती, आणि तरीही मला तिथे बसवेना. खिडकीतून दौंडकडे जाणाऱ्या गाडीचा धूर दिसला की हातातलं थर्मामीटर तसंच राहायचं. पारनेरजवळच्या आमच्या गावी गेले की आई म्हणायची, "मार्था, तुझ्या पायाला भिंगरी हाय बघ." लढाई चालू होती. अशातच कळलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडमधून परागंदा झालेल्या लोकांची मोठी छावणी आहे आणि तिथल्या इस्पितळात नर्स हव्या आहेत. पोलंड नकाशात कुठे आहे हे मला नीट माहीत नव्हतं. मी दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला.

तो प्रवास करायचा तर नगरहून दौंड, दौंडहून पुणे, आणि पुण्याला छोट्या गाडीत बसून मिरजमार्गे कोल्हापूरकडे. लढाईमुळे तिसऱ्या वर्गात उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब. बरोबर पाणी आणि बसायला एक सतरंजी घ्यावी. मी त्याशिवाय बाजरीच्या भाकरी आणि आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी घेतली होती. त्या चटणीने पुढे मला जगवलं.

छावणी म्हणजे एक गावच होतं. ओळीने बराकी, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, प्रत्येक दारापुढे फुलझाडं. शाळा, चर्च, बेकरी, सिनेमाचं थिएटरसुद्धा. पुरुष अगदी थोडे, सगळीकडे बायका आणि मुलं. रशियातल्या बर्फातून, इराणच्या वाळवंटातून ही माणसं इथवर आली होती. पुरुष लढाईवर होते, नाहीतर कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी एका म्हातारीने मला "पानी, पानी" अशी हाक मारली. मी धावत तांब्याभर पाणी नेलं. तिने ते शांतपणे पिऊन टाकलं आणि पुन्हा म्हणाली, "पानी!" मी पुन्हा आणलं. तिसऱ्या तांब्याला ती हसायला लागली. पोलिशमध्ये 'पानी' म्हणजे बाई. ती मला "अहो बाई" म्हणत होती. तिला उशी हवी होती. दुपारी एकीला विचारलं, दूध हवं का, आणि ती मान हलवून म्हणाली, "ताक." मी स्वयंपाकघरात जाऊन ताकाची चौकशी केली. तिथे काम करणाऱ्या हेलेनाबाईंनी पोट धरून हसत मला खुणेनं समजावलं की 'ताक' म्हणजे 'हो'. मग हातात पाव आणि लोणी देऊन बाकावर बसवलं आणि त्या दिवसापासून माझी शाळा सुरू केली.

हेलेनाबाई पंचेचाळिशीच्या असाव्यात. रुंद हाडाच्या, केस डोक्यावर घट्ट बांधलेले, रागावल्या की भांडी आपटणाऱ्या. त्यांच्यामुळे मी भाषा शिकले, पण जेवणाशी माझं जमायला फार वेळ लागला. बिटाचं आंबट सूप, आंबवलेली कोबी, आणि उकडलेल्या बटाट्यांवर कच्चा शेपू! लहानपणी शेपूची भाजी झाली की मी घराबाहेर पळायचे, आणि इथे तो रोज ताटात. मिरची नावालाही नाही. मी बटाट्यावर गुपचूप चटणी भुरभुरवायचे. हेलेनाबाईंनी एकदा ती चाखली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायला आल्या.

तुम्हाला कधी अशा परक्या बोलीत राहायची वेळ आली तर एक सांगते: दमणूक कामाने होत नाही, ऐकण्याने होते. दिवसभर कान टवकारून बसायचं, आणि संध्याकाळी डोकं नुसतं भणभणायचं. मी मग बाजारात जाऊन मराठी ऐकायचे. तर तिथली भाजीवाली "पोमिदोरी! पोमिदोरी!" असं ओरडत टोमॅटो विकायची. माझ्याआधी तीच पोलिश शिकली होती.

वर्ष गेलं. मला स्वप्नंसुद्धा पोलिशमध्ये पडू लागली, आणि तेव्हाच पुन्हा ती जुनी तगमग सुरू झाली. रविवारी सगळ्या चर्चमध्ये गात असायच्या आणि मी रुळांच्या कडेने चालत राहायचे. नगरला असताना इथे यावंसं वाटत होतं. इथे आल्यावर कुठे जावंसं वाटत होतं ते मलाच कळत नव्हतं.

हिवाळ्यात एका सकाळी हेलेनाबाई धापा टाकत वॉर्डात आल्या. छावणीतले पाद्री पुण्याहून परतले होते. तिथे कुणा अधिकाऱ्याने त्यांना सांगितलं होतं, की नगरच्या लष्करी इस्पितळात गोऱ्या सोल्जरांमध्ये एक पोलिश जखमी आहे. नाव स्तानिस्वाव कोवाल.

हेलेनाबाईंचं आडनाव कोवाल. त्यांचा मुलगा स्तानिस्वाव, लाडाचं नाव स्ताशेक, रशियात असताना कामावर नेला तो परत आलाच नव्हता. कोवाल म्हणजे लोहार. हे आडनाव त्यांच्यात गावोगाव सापडतं, आणि स्तानिस्वाव तर प्रत्येक आळीत एक. हे मला त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. त्या सकाळी मी त्यांना त्याची आठवण करून दिली नाही.

"नगर तुझं गाव ना?" त्यांनी विचारलं. "मला ने."

परवानगी मिळाली. मी सोबत जायचं, बाईंची जबाबदारी माझी. मिरजेला चहा, पुण्याला गाडीबदल, पहाटे दौंडच्या फलाटावर कडाक्याची थंडी. सगळा डबा बाईंकडे बघत होता. एक म्हातारा मला म्हणाला, "मडमेची नोकर हाईस का?" मी नाही म्हटलं, मैत्रीण आहे. त्याला ते पटलं नाही, पण त्याने बाईंना पेरू कापून दिला. बाईंनी तो हातातच धरून ठेवला. नगर येईपर्यंत त्यांनी काही खाल्लं नाही.

स्टेशनवरून टांग्याने आम्ही थेट इस्पितळात गेलो. कोपऱ्यातल्या खाटेवर तो होता. डोकं, जबडा, एक डोळा, सगळं पट्ट्यांत. दिसत होते ते फक्त दुसरा डोळा, नाक आणि तापाने सुजलेले ओठ. हेलेनाबाई खाटेपाशी जाऊन थांबल्या. "स्ताशेक?" त्यांनी हलकेच हाक मारली.

तो माणूस ताठ झाला. पट्टीबाहेरचा डोळा भरून आला. तो पोलिशमध्ये भराभर, अडखळत बोलू लागला. जबडा बांधलेला असल्याने मला शब्द कळेनात. बाईंनी त्याचा हात उचलला, उलटा केला, बोटं पाहिली. मग माझ्याकडे वळल्या आणि अगदी सपाट आवाजात म्हणाल्या, "हा तो नाही."

मला वाटलं, आता या कोसळतील. मी त्यांना धरायला पुढे झाले. त्यांनी पायाने स्टूल ओढलं, त्यावर बसल्या आणि त्या परक्या माणसाचा हात मांडीवर घेऊन थोपटू लागल्या.

तेवढ्यात वॉर्डबॉय आला. भागूजी त्याचं नाव, पाथर्डीकडचा. बाईंना बघून त्याला आनंद झाला. "याची आई हाय का? बरं झालं. लई एकटं पडलंय बिचारं. विंग्रजी येत न्हाई. सारखं आपलं 'बोली, बोली' करतंय. आमाला वाटलं, 'बोला' म्हनतंय. मंग मी येता-जाता बसतो आन् बोलतो. बैलाचं सांगतो, पिकाचं सांगतो."

पोलिशमध्ये 'बोली' म्हणजे दुखतंय. आजाऱ्यांत राहून मी तो शब्द सगळ्यांत आधी शिकले होते.

मी वाकून विचारलं, "ग्जे बोली?" कुठे दुखतंय? त्याने माझा हात धरला आणि स्वतःच्या कानामागे, पट्टीच्या आत नेला. तिथे लिंबाएवढी गरम सूज होती. ताप हिवतापाचा समजून औषध चाललं होतं. मी डॉक्टरांना बोलावलं. ते इंग्रजीत विचारत, मी पोलिशमध्ये विचारी आणि उत्तर उलट नेई. घाईत एकदा डॉक्टरांशीच पोलिश बोलले आणि रोग्याशी मराठी. दुपारी गळू फोडलं. किती पू निघाला ते इथे लिहीत नाही. संध्याकाळपर्यंत त्याचा ताप उतरला आणि तो बाईंच्या हातावर गाल टेकून झोपला.

भागूजी दाराशी अवघडून उभा होता. "म्हंजी त्यो कळवळत हुता, आन् मी त्याला बैलाचं सांगत हुतो?"

दुसऱ्या दिवशी मी हे स्ताशेकला सांगितलं. त्यालाही आता आम्ही स्ताशेकच म्हणत होतो. तो पट्ट्यांच्या आतून हसला, मग दुखलं म्हणून कळवळला. "त्याला सांगा, बंद करू नकोस," तो म्हणाला. "दिवसभरात माझ्याशी बोलणारा तो एकटाच होता."

परतायला अजून अवकाश होता, म्हणून मी बाईंना गावी नेलं. पारनेरची सर्व्हिस मोटार तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे भट्टी लावलेली. चढ आला की ड्रायव्हर सगळ्यांना खाली उतरवायचा. उतरलेल्यांत आम्हीही होतो. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यावर आलेली, वारा कोरडा. बाई पदरासारखा डोक्याला रुमाल बांधून चढ चढत होत्या. मी पुढे पुढे पळत होते. घर जवळ आलं की माझी चाल अशीच होते, आणि घरात पाऊल टाकलं की दोन दिवसांत तीच चाल बाहेरच्या दिशेने सुरू होते.

आईने बाईंना आपादमस्तक पाहिलं. "हिला काय खायला घालू गं? मिरची चालंल का?"

"चालेल. तुझीच चटणी खाऊन शिकली आहे."

शेतात हुरडा भाजला. बाईंना गरम कणसं चोळता येईनात, तर आईने त्यांची बोटं आपल्या हातात घेऊन दाखवलं. दोघी धुरात बसून खात होत्या. बाईंच्या मुलाचं मी आईला सांगितलं होतं. ती मला म्हणाली, "तिला इचार, पोरगा किती वर्साचा हुता."

मी विचारलं. बाईंनी चोळणं थांबवलं. "'होता' नाही," त्या मला म्हणाल्या. "'आहे' म्हण. तो वीस वर्षांचा आहे."

मी ते आईला सांगितलं. आईने विस्तव सारला. मग पुढचं कणीस बाईंच्या हातात ठेवत तिने पुन्हा विचारलं, "कसा हाय दिसायला?"

त्यावर बाई जे बोलू लागल्या ते थांबेचनात. त्याचे कान, त्याचं शीळ घालणं, नदीत पडलेला बूट. मी दोघींच्या मध्ये बसून इकडचं तिकडे करत होते. माझ्या सगळ्या आयुष्यात इतकी स्वस्थ मी कधी बसले नव्हते.

निघताना आईने मला बाजूला घेतलं. "आता ऱ्हा की हितं. नगरात काय काम न्हाई का?" मला राहावंसं वाटत होतं. राहावंसं वाटतंय याचीच भीतीही वाटत होती. मी म्हटलं, बाईंना एकटं कसं सोडू? ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. आईला ते कळलं. तिने चटणीचं पुडकं दिलं, या वेळी दोन.

स्ताशेक बरा होऊन छावणीत आला. हेलेनाबाईंच्या बराकीशेजारी त्याला खोली मिळाली आणि तो त्यांची चूल, दारं, तट्टे दुरुस्त करू लागला. त्या त्याच्यावर भांडी आपटायच्या. मुलाचा शोध त्यांनी सोडला नाही. लढाई संपली, तरी पत्ता लागला नाही. मग छावणी रिकामी होऊ लागली. बहुतेकांना मायदेशी परतायचं नव्हतं, तिथे आता त्यांचं काही उरलं नव्हतं. हेलेनाबाई आणि स्ताशेक इंग्लंडला जाणाऱ्या तुकडीत निघाले. स्टेशनवर बाईंनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि खूप काही सांगितलं. गाडीच्या शिट्टीत अर्धं ऐकू आलं नाही.

मी नगरला परतले. माझ्या जुन्याच इस्पितळात, त्याच खिडकीशी. काय उरलं याचा हिशेब करायला बसले की मला हसू येतं. शेपू मी आता आवडीने खाते. 'प्रोशे', म्हणजे 'या, बसा ना', म्हणत लोकांना खुर्ची देते आणि ते चमकतात. एक आख्खी भाषा माझ्याकडे आहे, आणि जिल्ह्यात ती बोलायला माणूस नाही. तोंडात शब्द येतात आणि जायला जागा नसते. तगमग गेली नाही. फक्त ती आता दोन भाषांत होते.

मध्यंतरी सुट्टीत गावी गेले होते. दुपारी आई ओसरीवर शेंगा फोडत होती आणि मी अंगणात येरझाऱ्या घालत होते. ती म्हणाली, "बस की जरा. काय चाललंय मनात?"

"काही नाही. ती भाषा विसरेन असं वाटतं."

"मंग बोल की माझ्यासंगं."

"तुला कुठे कळते?"

"कळाय कशाला पायजे? तू बोल, मी ऐकती."

मी बसले. आधी लाज वाटली. मग बोलू लागले. बराकी, बिटाचं सूप, रुळांकडेचे रविवार, स्टेशनवरचा निरोप. आई शेंगा फोडत होती आणि मी थांबले की मान वर करून "हं" म्हणत होती. ऊन ओसरीवरून खाली सरकलं तरी मी बोलतच होते. शेवटी गप्प झाले तेव्हा तिने टरफलं पदरातून झटकली.

"समदं काय कळलं न्हाई," ती म्हणाली, "पन हेलेनाचं नाव आलं मधी. आन् तू रडलीस. तिचं पोरगं गावलं का?"

"अजून नाही, आई."

"गावंल," ती म्हणाली, आणि सुपात आणखी शेंगा ओतून त्यातल्या निम्म्या माझ्यापुढे सरकवल्या.