मिस ईनाची शिट्टी

लेनॉक्स क्वामिनाला सगळं अरिमा गाव 'जेट' म्हणायचं, आणि त्यात कौतुक कमी आणि धास्ती जास्त होती. अरिमा ते पोर्ट ऑफ स्पेन अशी त्याची मॅक्सी, म्हणजे भाड्याची छोटी बस, धावायची. पुढच्या काचेवर त्यानं लाल अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'पोचलोच'. आत बसलेल्या बायका देवाचा धावा करायच्या, आणि पुढची मॅक्सी मागे टाकल्याशिवाय ह्याला चैन पडायचं नाही. बरं, स्टिअरिंग सोडलं की माणूस शांत होईल म्हणावं, तर छे. चालायचाही तसाच. डोंगरात भटकायची त्याला भारी हौस, पण त्याच्याबरोबर एकदा गेलेला माणूस दुसऱ्यांदा जायचा नाही. त्याच्याबरोबर जायचं म्हणजे त्याची पाठ बघत जायचं, आणि तीही पहिल्या वळणापर्यंतच.

त्याची बायको डल्सी, तिनं तर डोंगराचं नावच टाकलं होतं. लग्न नवीन असताना हा तिला मराकासच्या धबधब्याला घेऊन गेला. घेऊन गेला म्हणजे काय, हा पुढे गेला. वर पोचला, पाण्यात डुंबला, पेलाव म्हणजे कोंबडी घातलेला भात खाल्ला, एक डुलकीही काढली, आणि मग त्याला आठवलं की घरून निघताना आपल्याबरोबर बायको होती. तेवढ्यात डल्सी आलीच. मुरगळलेला गुडघा धरून, चिखलानं माखलेली. हा उठून उभा राहिला, पँट झटकली आणि म्हणाला, "आलीस? चला, निघू या."

घरी गेल्यावर तिनं बूट उचलून कपाटावर टाकले. त्या गोष्टीला किती वर्षं झाली ते तीच जाणे. भांडली नाही, रडली नाही. फक्त गेली नाही.

मुलं ब्रुकलिनला गेली, घर मोठं वाटायला लागलं, तसं लेनॉक्सला रविवारी एकट्यानं पुढे पळण्यात काही राम वाटेना. पुढे असायला मागे कुणीतरी लागतं ना. तो डल्सीच्या मागे लागला, चल की, जवळच जाऊ, हळू जाऊ. डल्सी कणकेचा गोळा मळता मळता म्हणाली, ज्या दिवशी मिस ईना तुझ्या गळ्यात शिट्टी घालेल त्या दिवशी येईन. सूर्य पश्चिमेला उगवला तर येईन, असं म्हणावं तशा सुरात म्हणाली. पण ह्या बाबानं ते मनावर घेतलं.

आता मिस ईना लेझामा म्हणजे कोण, हे अरिमात विचारायची सोय नाही. शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या, निम्म्या गावानं त्यांच्या हातची छडी खाल्ली होती, लेनॉक्सनं तर दोन्ही हातांवर. निवृत्त झाल्या आणि त्यांनी पायवाट मंडळ काढलं. चर्चमधल्या बायका, बँकेतले कारकून, साखरेचा आजार झालेले म्हातारे, ह्या सगळ्यांना रविवारी डोंगरात न्यायचं आणि सगळ्यांना हसत परत आणायचं. नेणारे सगळे बिनपगारी. पण मिस ईनाकडे तयार झाल्याशिवाय आणि शेवटच्या परीक्षेत पास झाल्याशिवाय कुणी नेता व्हायचा नाही. पास झाला की गळ्यात शिट्टी.

लेनॉक्सचं शिक्षण म्हणजे गावाला तमाशा झाला. मिस ईनांनी सांगितलं, सगळ्यात हळू चालणाऱ्याची चाल तीच सगळ्यांची चाल. ह्यानं मान हलवली आणि अर्ध्या तासात दिसेनासा झाला. दुसऱ्या वेळी त्यांनी त्याच्या डोक्यावर पेलावचं भरलेलं भांडं दिलं, म्हटलं, आता बघू कसा पळतोस. तो भांड्यासकट सगळ्यांच्या आधी नदीवर. आणि मंडळी येईपर्यंत भांड्यातला कोंबडीचा पाय गायब. तिसऱ्या वेळी त्याला सगळ्यांच्या शेवटी चालायला लावलं, तर तो मागून लोकांना 'सरका, सरका' म्हणायला लागला. एका म्हातारीला तर त्यानं तोंडानं हॉर्न वाजवून दाखवला.

शेवटी मिस ईनांनी त्याला एका दगडावर बसवलं. म्हणाल्या, नीट ऐक. पुढचे लोक पोचतात, बसतात, पाणी पितात, गप्पा मारतात. शेवटचा माणूस धापा टाकत येतो, आणि त्याला बघून सगळे उठतात, चला म्हणतात. ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी, त्याच्याच वाट्याला ती येत नाही. "तू कधी कुणाशी असं वागलायस का रे, लेनॉक्स?"

लेनॉक्सच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्या दिवशी उतरताना तो खरंच सगळ्यांच्या मागे राहिला आणि हॉर्नही वाजवला नाही.

परीक्षेचा रविवार उजाडला. बारा माणसं न्यायची, धबधब्यापर्यंत, आणि सगळी परत आणायची. मिस ईना मुकाट मागून चालणार आणि बघणार. पायवाटेच्या तोंडाशी लेनॉक्स माणसं मोजायला लागला आणि तिथंच आमच्या लोकांची जी जुनी खोड आहे तिनं त्याचा घात केला.

आमच्याकडे 'पोचलो' म्हणजे पोचलो नव्हे. 'पोचलो' म्हणजे डोळे उघडले. 'गाडी लावतोय' म्हणजे आंघोळीला चाललो. हे आम्हाला सगळ्यांना माहीत असतं, आम्ही सगळेच ते बोलतो, आणि तरीही घाईच्या वेळी समोरच्याचं खरं मानतो. डल्सीचा भाऊ सेल्विन अजून आला नव्हता. लेनॉक्सनं फोन लावला. सेल्विन म्हणाला, "पोचलो रे, गाडी लावतोय." मिस ईना घड्याळाकडे बघत होत्या, लेनॉक्सचे पाय शिवशिवत होते. येईलच मागून, असं म्हणून त्यानं सेल्विनला धरून बारा मोजले आणि मंडळी निघाली.

आणि काय सांगावं, नेलं मात्र त्यानं झकास. दर वळणावर थांबला. कुणाच्या टाचेला फोड आला का विचारलं, कोकोची जुनी झाडं दाखवली, साप कुठं बसतो ते सांगितलं, आणि लोकांना भीती वाटायला लागली तशी मॅक्सीतले असे किस्से सांगितले की बँकेतला एक कारकून हसून हसून खाली बसला. निम्मी वाट झाल्यावर नदी लागली. लेनॉक्सनं सगळ्यांना उंच काठावर बसवलं आणि मॅक्सीत मोजतो तसं डोक्यांवर बोट नाचवत मोजलं. अकरा.

पुन्हा मोजलं. अकरा. "कोण नाहीये इथं?" असं त्यानं विचारलं, आणि जो तो आपण आहोत असं सांगायला लागला. तेवढ्यात एका बाईनं विचारलं, अरे, तुझा मेहुणा कुठंय?

लेनॉक्सनं वळून मागच्या वाटेकडे बघितलं. सेल्विन म्हणाला होता पोचलो. म्हणजे मागून आला असणार, आणि मधल्या फाट्यावर चुकला असणार. आधी बहिणीला डोंगरात टाकलं, आता भावाला टाकलं. डल्सीला तोंड कसं दाखवायचं? फोनला तर दरीत रेंज नाही. त्याच्या पायांनी एकदम पळायचं ठरवलं होतं. पण तो पळाला नाही. त्यानं आधी हॉस्पिटलातल्या एका नर्सकडे मंडळी सोपवली, सांगितलं की खा, प्या, पण इथून कुणी हलायचं नाही आणि पाणी गढूळ झालं तर पूर येतोय समजून आणखी वर चढायचं. मग त्या कारकुनाला बरोबर घेतलं आणि आला त्या वाटेनं मागे निघाला. मिस ईना एका झाडाला टेकून बसून बघत होत्या.

दर फाट्यावर थांबून तो हाका मारत होता, झुडपांत वाकून बघत होता, चिखलात बुटाचे ठसे शोधत होता. आयुष्यभर ह्या वाटेनं हिंडला होता, पण ती किती घसरडी आहे हे त्याला त्या दिवशी कळलं. पाठीमागे राहिलेल्या माणसाला ती कशी दिसत असेल, हे पहिल्यांदाच डोक्यात आलं आणि त्याचे डोळे भरून आले. कारकुनानं भल्या माणसासारखं दुसरीकडे बघितलं.

पार खाली रस्त्यावर आला, तर डबल्सच्या, म्हणजे मऊ पुरीत चणे घालून देणाऱ्याच्या, गाडीपाशी सेल्विन उभा. दोन्ही हातांना चणे लागलेले, तिसरं डबल्स चाललेलं. लेनॉक्सनं त्याला आधी मिठी मारली आणि मग गदागदा हलवलं.

"अरे, मी म्हटलं होतं ना पोचलो," सेल्विन म्हणाला. "हा काय, पोचलो."

आणि त्याच्या मागे, गाडीच्या सावलीत, डल्सी उभी होती. पायांत कपाटावरचे बूट. शिट्टी मिळते की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला भावाबरोबर आली होती, आणि त्याच्या 'पोचलो'पायी इथंच अडकली होती. नवऱ्याचा घामेजलेला, चिखलानं भरलेला अवतार तिनं वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"एवढा वरून मागे आलास?"

"एक माणूस कमी होतं," लेनॉक्स म्हणाला.

"मराकासलाही एक माणूस कमी होतं."

"हो," तो म्हणाला. "होतं."

डल्सीनं बुटांच्या नाड्या आवळल्या आणि ती पायवाटेला लागली. सेल्विन आणि कारकून पुढे गेले, लेनॉक्स तिच्या मागे चालला. ती डावा पाय जरा बाहेर टाकते आणि चढावर हलक्या आवाजात चर्चची गाणी म्हणते, हे इतक्या वर्षांच्या संसारात त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक कसं असणार, तो कायम पुढे.

नदीवर मंडळी खाऊन पिऊन, पाय पसरून ताजीतवानी झाली होती. डल्सी धापा टाकत वळणावर दिसली आणि एकजात सगळे उठले. पिशव्या खांद्याला लावल्या, टोप्या घातल्या, कुणीतरी म्हणालं, चला.

"बसा खाली," लेनॉक्स म्हणाला. "ती आत्ता आलीये."

मॅक्सीतल्या माणसांना गप्प करणारा त्याचा आवाज, पण ह्या वेळी त्यात काहीतरी निराळं होतं. सगळे बसले. डल्सीनं दगडावर बसून बूट काढले, मोजे काढले, पाय पाण्यात सोडले. पेलाव मागितला. तो सावकाश खाल्ला. मग आणखी थोडा मागितला. मुद्दाम करत होती की काय, देव जाणे, पण लेनॉक्सनं एकदाही घड्याळ बघितलं नाही.

मिस ईना उठून त्याच्यापाशी आल्या. म्हणाल्या, पायथ्याशी, निघतानाच मी अकरा मोजले होते. तू काय करतोस ते बघायचं होतं. शोधलंस छान. "पण मोजताना डोकं मोजायचं असतं, लेनॉक्स. तू फोनमधला आवाज मोजलास. नापास."

मंडळी हळहळली. सेल्विननं चणे लागलेले हात पाठीमागे लपवले. लेनॉक्सनं मान खाली घातली आणि बायकोकडे बघायचं टाळलं, कारण शिट्टी नाही म्हणजे डल्सी पुन्हा बरोबर यायचीही नाही, हे त्याला कळत होतं.

डल्सीनं बोटं चाटली, ताटली धुतली. "पुढच्या परीक्षेला तुम्हाला हळू चालणारं माणूस लागेल ना, मिस?" तिनं विचारलं. "माझं नाव घाला."

मिस ईना म्हणाल्या, घालते. मग लेनॉक्सकडे वळून म्हणाल्या, निघायचं का आता?

लेनॉक्सनं डल्सीच्या पायांकडे बघितलं. ते अजून पाण्यात होते. "नाही," तो म्हणाला, आणि तिच्या शेजारी दगडावर जागा करून बसला.