मोठी बोट

तलावावर आम्ही चौघं मोठी बोट घ्यावी की छोटी, यावर वाद घालत उभे होतो. आमच्या पुढे एक म्हातारे काका आणि काकू होते.

"काका, तुम्ही दोघंच. पायडलची छोटी घ्या," बोटवाला म्हणाला.

काका भडकलेच. "लेकरं पुण्याले गेले म्हून घर लहान झालं का? मोठीच दे!"

आत बसल्यावर ते रुमालानं रिकामी बाकडी पुसत राहिले. मग आमच्यावरच ओरडले, "तुमी कावून उभे? बसा ना!"

आम्ही संकोचत बसलो. माझ्या मुलीला त्यांनी शेजारी ओढून घेतलं. बोट सुटल्यावर ते काकूंच्या कानाशी वाकले. कुजबुजणं त्यांना येत नसावं; सगळ्यांनाच ऐकू आलं.

"पाह्य, भरली ना!"