लेकीच्या घरचं पाणी

मे महिन्यात मुलुंडची दुपार संपता संपत नाही. पडदे ओढलेले, पंखा आपल्याच नादात, आणि खिडकीपलीकडचे डोंगर उन्हात इतके पुसट की ते आहेत हे आठवणीवरच मानायचं. अशा दुपारी आई हॉलमधल्या दिवाणावर पडून राहायची. डोळे अर्धे मिटलेले. ती झोपली आहे की जागी आहे, हे मला कधीच कळायचं नाही. सुट्टीच्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिच्याकडे बघत बसायची, आणि बघता बघता मलाही गुंगी यायची. तिचे ओठ मात्र सुकलेले असायचे.

"पाणी देऊ?"

"नको गो. आताच पियालंय," ती डोळे न उघडता म्हणायची.

घाटकोपरची तिची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली तेव्हा ती आमच्याकडे राहायला आली. बाबा त्याआधीच गेले होते. येताना तिने गावचे तांदूळ आणले, कुळथाचं पीठ आणलं आणि आल्या आल्या गॅसचा ताबा घेतला. "रांधणार मी. तू तुझ्या ऑफिसात जा." नवरा खूश, मी त्याहून खूश. आयतं ताट कोणाला नको असतं? हा सगळा बेत का आखला होता, ते मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. एवढी शिकलेली मी, पण डोळ्यांवर कातडं ओढलेलं.

बाबांचं मात्र मला पहिल्यापासून ठाऊक होतं. आमच्याकडची जुनी माणसं मानायची, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणी पिऊ नये. बाबा म्हणजे गिरणीत लाल बावटा खांद्यावर घेतलेला माणूस. देवळात गेले तर बाहेर चपला सांभाळत उभे राहायचे. पण माझ्याकडे येताना त्यांच्या पिशवीत त्यांची स्वतःची पाण्याची बाटली असायचीच. सोफ्याच्या टोकावर बसायचे, पंख्याची चौकशी करायचे, बाटलीतले दोन घोट प्यायचे आणि निघायचे. मला मूल झालं नाही, त्यामुळे ती बाटलीही कधी सुटली नाही. "काय बाबा, कॉम्रेड असून?" असं मी त्यांना चिडवायची. ते ओशाळं हसायचे. ते गेल्यावर मी आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासायची. राग यायचा मला, आणि रागाच्या खाली दुसरं जे काही होतं, ते मी भांड्यांच्या आवाजात बुडवायची.

आई आमच्याकडे राहायला आली, जेवू लागली, चहा पिऊ लागली, तेव्हा मला वाटलं, ते सगळं बाबांबरोबर गेलं. किती हलकं वाटलं होतं मला! सकाळी तिच्या बांगड्यांच्या आवाजाने जाग यायची आणि मी तशीच पडून राहायची. वाटायचं, मी शाळेत जाणारी आहे आणि अजून काहीच ठरलेलं नाही.

सकाळ-संध्याकाळ ती शेजारच्या गुजराती बेनकडे जाऊन बसायची. तिची मालवणी आणि बेनचं गुजराती, दोघींना एकमेकींचं अर्धंच कळत असणार. पण गप्पांना काय, अर्धं पुरतं. मे महिन्यात बेन मुलाकडे गेल्या, त्यांच्या दाराला कुलूप लागलं, आणि आई दिवाणावर जास्त वेळ पडून राहू लागली. मला वाटलं, करमत नाही बिचारीला.

एका संध्याकाळी ऑफिसातून आले, तर आई ओट्याला धरून उभी होती. चेहरा राखेसारखा. "कमरेत कळ मारता," एवढंच म्हणाली आणि माझ्या अंगावर रेलली. खालच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. मूतखडा. डॉक्टर वयाने तरुण, पण बोलायला रोखठोक. "आजी पाणीच पीत नाहीत. खडा लहान आहे, पाण्यानेच पडेल. पण हे असंच चाललं तर एक किडनी हातची जाईल, आणि मग मी काही करू शकणार नाही."

"पिते ना हो ती," मी म्हणाले. "विचारलं की म्हणते, आत्ताच प्यायले."

डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. आई छताकडे बघत होती.

घरी आल्यावर बेनना फोन करून मी आईचं आजारपण सांगितलं, तर त्या तिकडून ओरडल्याच. "अरे, मग आता ती पाणी कोणाकडे पिते? रोज तर माझ्याकडेच पिते ना! मोठा लोटा भरून, दोन वेळा. मला वाटलं, तुमचा फिल्टर बिघडलाय!"

फोन ठेवला आणि एकेक गोष्ट उलगडत गेली. गावचे तांदूळ, स्वतःच्या हातचं रांधणं. म्हणजे तिच्या हिशेबाने ते जेवण माझ्या घरचं नव्हतंच. चहाला बहुतेक तिने सूट दिली असावी. आणि पाणी तेवढं शेजारचं. कुलूप लागल्यापासून, इतक्या उन्हात, माझ्या घरात, फिल्टरपासून चार पावलांवर ती तहानलेली पडून होती. माझं डोकंच फिरलं.

"आई, ते पाणी पालिकेचं आहे! भांडुपहून येतं! बेनच्या नळाला आणि माझ्या नळाला एकच टाकी आहे गं!"

"घरात इला की घरचा होता."

"आणि सलाईन? ते पण पाणीच होतं."

"ता शिरेतसून गेला," ती म्हणाली. "तोंडातसून नाय."

मला हसू फुटलं आणि त्याच दमात रडूही. इतकी वर्षं भांड्यांखाली दाबलेलं सगळं बाहेर आलं. "बाबा तसे, तू पण तशीच. प्रत्येक वेळी पाणी नको म्हणता तेव्हा मला काय ऐकू येतं माहितीये? हिला मूल नाही. हिचं घर घर नाही. तहानेने मरशील, पण ते मला सांगायचं सोडणार नाहीस!"

आई उठून बसली. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ तिच्या गुडघ्यावर पडली होती. त्या रेघेवरून ती उगाच बोट फिरवत राहिली. आम्ही दोघी पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं सगळं शांत झालं होतं.

"तसा नाय गो," ती हळू म्हणाली. "तुझे बाबा म्हणायचे, आपण प्यायलो म्हणजे आपणच मानलं की आता मूल होणार नाय. आईबापांनीच आशा सोडली तर मग कोणी धरायची? म्हणून ते शेवटपर्यंत बाटली घेऊन येत. ते गेले. मग मी धरून बसले."

कॉम्रेडच्या पिशवीतली बाटली मी आयुष्यभर टोमणा म्हणून वाचली होती.

"आई," मी म्हणाले, "माझी पन्नाशी उलटली."

"माका ठाऊक असा," ती म्हणाली. "मीच जन्म दिलंय ना तुका."

खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्याचा आवाज येत होता. आईने माझ्याकडे पाहिलं, माझ्या केसांतून हात फिरवला, अगदी सावकाश, जणू तिथे कुणी लहान मूल निजलं आहे आणि ते उठता कामा नये.

"आण," ती म्हणाली. "तांब्या भरून आण."

मी आणलं. तिने तांब्या दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि वरून न ओतता, ओठ लावून प्यायला लागली. घटाघटा नाही, घोट घोट, मध्ये न थांबता. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते ती करत होती, खडा पडणार होता, ती बरी होणार होती. एवढ्याचीच तर मी इतकी वर्षं वाट पाहिली होती. आणि तिचा गळा हलताना बघत मी मनात म्हणत होते, थांब, आई, थोडं राहू दे.