माझ्या आवाजातलं दुसरं कुणी

चिखलीत आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये मी दर रविवारी सकाळी शेअर बाजाराचा वर्ग घेते. आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवलं, निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून हे सुरू केलं. आधी सोसायटीतल्याच चार-दोन बायका यायच्या. मग चाकणच्या कंपन्यांतले ऑपरेटर, जवळपासचे वर्कशॉपवाले, पुनावळ्याहून येणारी आयटीतली मुलं अशी माणसं वाढत गेली. मी शिकवते ते अगदी मूळचं. शेअर म्हणजे काय, डिमॅट खातं कशाला लागतं, कंपनीचा ताळेबंद कसा वाचायचा, सगळी बचत एकाच ठिकाणी का घालायची नाही. अमुक घ्या, तमुक विका, असं कधीच सांगत नाही. खात्रीचा फायदा सांगणाऱ्यापासून लांब राहा, हे मात्र पहिल्याच तासाला बजावते.

आयटीतल्या एका मुलीनं माझे तास मोबाइलवर टिपून इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. मला त्यात वावगं वाटलं नाही. ज्यांना रविवारी यायला जमत नाही त्यांना घरबसल्या ऐकता येईल, एवढाच विचार.

पहिला माणूस मला भाजी मंडईत भेटला. मी मेथी निवडत होते. तो पिशवी खाली ठेवून वाकून नमस्कार करत म्हणाला, "मॅडम, तुमच्यामुळं बरं चाललंय आमचं." चेहरा ओळखीचा वाटला नाही. जुना विद्यार्थी असेल म्हणून मी हसले, चौकशी केली, मेथी घेऊन घरी आले.

मग पुनावळ्यात, बहिणीच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक बाई माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. उतरताना हळूच म्हणाल्या, "रोज सकाळी तुमचा आवाज ऐकल्याशिवाय दिवस सुरू होत नाही माझा." मी म्हटलं, "व्हिडिओ बघता वाटतं?" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे मिचकावले. लिफ्टचं दार लागलं.

वर्गातही काहीतरी बदललं होतं. लोक यायचे, पण पूर्वीसारखे वाद घालायचे नाहीत. लातूरकडचा एक ऑपरेटर होता, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कामाला. रात्रपाळी करून थेट वर्गात यायचा आणि हात वर करून करून मला भंडावून सोडायचा. आता तो गप्प बसायला लागला. मी लाभांश समजावून सांगत असताना शेजारच्याकडे बघून गालात हसायचा. मुलांनी बाईंचं एखादं गुपित पकडलेलं असावं, तसं ते हसू होतं.

एका रविवारी वर्ग संपल्यावर मी त्याला थांबवलं. "हल्ली काही विचारत नाही तुम्ही. समजतंय ना?"

"सगळं समजायलंय, मॅडम." तो दाराकडे बघून आवाज उतरवत म्हणाला, "पण इथं एक अन् तिकडं एक, असं काहून सांगता? इथं म्हणता धीर धरा, वर्षं लागतात. तिकडं तर सकाळी घ्या, दुपारी विका."

"तिकडं म्हणजे कुठं?"

त्यानं माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. "भारी निभावता बघा तुम्ही."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि तिकडं म्हणजे कुठं ते दाखवा म्हणाले. बराच वेळ नाही-हो केल्यावर त्यानं फोन काढला. संदेशांचा एक ग्रुप, शेअरसाठी पैसे टाकायच्या एका ॲपची लिंक, आणि वर माझाच फोटो होता, फळ्यासमोर उभी असलेली मी. त्यानं एक संदेश लावला आणि त्या रिकाम्या हॉलमध्ये मी बोलायला लागले. माझाच आवाज. वाक्याआधी 'हं, बघा' म्हणायची माझी सवय, मध्येच घसा खाकरणं, सगळं माझं. आवाज म्हणत होता, "हं, बघा, आपला हा ग्रुप खासगी आहे. उघडपणे सल्ला द्यायला मला सरकारी नियमानं बंदी आहे. त्यामुळं वर्गात कुणी विषय काढायचा नाही. मला समोरासमोर विचारलंत, तर मी नाहीच म्हणणार. समजून घ्या."

मी दोनदा ऐकलं.

"ही मी नाही," मी म्हणाले.

"व्हय मॅडम, समजलं," तो म्हणाला आणि पुन्हा तसाच हसला.

त्या क्षणी मला फासाची गाठ दिसली. जे जे मी बोलणार होते ते कुणीतरी आधीच बोलून ठेवलं होतं, तेही माझ्या तोंडून. मी जितकं नाकारेन तितका त्यांचा विश्वास बसणार.

त्याच्याकडून तो संदेश मी माझ्या फोनवर मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या सायबर विभागात गेले. टेबलामागच्या हवालदारानं आधार कार्ड पाहिलं, मग तो संदेश लावून ऐकला. माझ्याकडं पाहिलं, पुन्हा ऐकला. "आवाज तर तुमचाच आहे, ताई," तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. यंत्राकडून हल्ली आवाज बनवून घेतात, तासाभराचं बोलणं मिळालं की पुरतं, असं त्यानंच मला समजावलं. तक्रार घेतली. पण मी सही करताना तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

पुढच्या रविवारी मी बाजाराचा विषय काढलाच नाही. सगळ्यांना उभं राहून सांगितलं की तो ग्रुप माझा नाही, ते ॲप खोटं आहे, त्यावर दिसणारा फायदा फक्त पडद्यावरचा आहे, आजच पैसे काढून बघा. आयटीतल्या मुलीचा चेहरा पांढरा पडला. तिनं तिथल्या तिथं माझे सगळे व्हिडिओ काढून टाकले. बाकीचे ऐकून घेत होते. एकानं तर मागून 'वा' म्हटलं, नाटकातल्या चांगल्या प्रसंगाला म्हणावं तसं.

उठल्या त्या एकट्या मावशी. चाकणजवळच्या गावातल्या शेतकरी घरातल्या, दोन्ही मुलं कंपनीत, आणि थोडी जमीन विकून आलेले पैसे बँकेत. ते मुलांच्या नादानं उडू नयेत म्हणून स्वतः शिकायला यायच्या. त्या सरळ माझ्या टेबलापाशी आल्या.

"बाई, मी बी हाय त्या ग्रुपात. तुमी न्हाई म्हणता, तिथली बाई म्हणती मीच. आमी कुणाचं ऐकायचं?"

"तिला काहीतरी विचारा मावशी. जे तुम्हाला आणि मलाच माहीत आहे, असं."

त्यांनी थोडा विचार केला. फोन तोंडाजवळ धरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाई, दिवाळीनंतर तुमी आमच्या घरी आलता, तवा जाताना मी पिशवीत काय घालून दिलं, ते सांगा."

मी त्यांच्याकडून इंद्रायणी तांदूळ आणला होता. उत्तर लगेच आलं. माझा आवाज, माझा घसा, पण जरा जास्तच गोड. "मावशी, तुमचं प्रेम मी कसं विसरेन? पण घरगुती गोष्टी ग्रुपवर नकोत. आज दुपारी मोठी संधी आहे, तयार राहा."

मावशींनी फोन टेबलावर उलटा ठेवला. "न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्यो आवाज तुमचा, पर बाई तुमी न्हाई."

तिथंच त्यांनी सोबत आलेल्या मुलाकडून ॲपमधून पैसे काढायची खटपट करवली. पैसे निघेनात. आधी कर भरा, मग सोडतो, असं उत्तर आलं. मावशी मुलाला म्हणाल्या, "बंद कर. गेलं ते गेलं. आणि एक पै घालायची न्हाई." त्यांचं बघून आणखी काहीजण हादरले. कुणी बायकोला फोन लावला, कुणी भावाला. ज्यांनी अजून टाकले नव्हते ते त्या दिवशी वाचले.

ऑपरेटर मात्र उठून निघाला होता. मी जिन्यापर्यंत मागं गेले. "तो कर भरू नका. हात जोडते."

"मॅडम, तुम्ही ग्रुपात आधीच सांगितलंत," तो शांतपणे म्हणाला. "पोलिसांचा ससेमिरा लागला की तुम्हाला वर्गात असं बोलावं लागंल म्हणून."

त्यानंतर तो वर्गात आला नाही. काही दिवसांनी एका दुपारी ग्रुप नाहीसा झाला, ॲप उघडेना. लोक माझ्या दारापर्यंत यायला लागले. वॉचमन खालून फोन करायचा आणि मी आधी त्यांचे आवाज ऐकायचे. काहीजण रडायचे. एकानं शिवी दिली. पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत मी दाराशीच ठेवली होती, पण ती फारसं कुणी वाचली नाही.

ऑपरेटरची बायकोही आली. ती ब्लाऊज शिवते. बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा होत्या. तिनं पाणीही घेतलं नाही. म्हणाली, "ती रोज बोलायची त्यांच्याशी. जेवलात का विचारायची. पोरीची परीक्षा आहे म्हणून शुभेच्छा दिल्या तिनं. तुम्ही कधी विचारलं होतं का पोरीचं?"

मी विचारलं नव्हतं. त्याला मुलगी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

अजून तपास चालू आहे म्हणतात. वर्ग मी बंद केला नाही. माणसं कमी आहेत, मावशी पहिल्या रांगेत असतात. नव्यानं येणारा कुणी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिला, तर माझं बोलणं अडखळतं.

गेल्या महिन्यात चाकणला कामासाठी गेले होते. चौकात कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या रांगेत तो दिसला. वाळला होता. आता रोज ओव्हरटाइम करतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. मला वाटलं तोंड फिरवेल. पण तो रांग सोडून माझ्याजवळ आला.

"मॅडम, एक विचारायचं होतं. रागवू नका." त्याच्या डोळ्यांत राग नव्हताच, काहीतरी आशा होती, आणि त्यानंच मी जास्त घाबरले. "खरं सांगा, तुम्हीच होतात ना?"

"नव्हते हो."

"तुम्ही असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "तुम्ही कधीतरी परत तरी दिले असते."

बस आली. तो चढला, खिडकीशी बसला आणि बस वळेपर्यंत माझ्या ओठांकडं बघत राहिला. अजूनही मी 'हो' म्हणेन, असं त्याला वाटत होतं.