चित्रकाराच्या भिंतीवर मी

जपानमध्ये वाळवंट नाही, हे मला नवऱ्याने वाळवंटात उभं राहून सांगितलं.

"ह्यांना सँड ड्यून्स म्हणतात, मधुरा. टेक्निकली वाळवंट वेगळं," बुटातली पावशेर वाळू ओतत निलेश म्हणाला. टोक्योजवळच्या आमच्या उरायासुहून ट्रेन बदलत आणि शेवटी भाड्याची गाडी घेऊन आम्ही तोत्तोरीला पोचलो होतो. समोर समुद्रापर्यंत वाळूच वाळू, आणि ह्याला व्याख्या सुचत होती!

मला त्या वाळूच्या काठावरचं एका थोर चित्रकाराचं घर बघायचं होतं. (नाव सांगत नाही. इथल्या शाळकरी मुलांना ते माहीत असतं. निलेशला गाडी पार्क करेपर्यंत माहीत नव्हतं.) म्हातारपणी ह्या गृहस्थांनी फक्त आपल्या अंगणातली वाळू रंगवली. सकाळी दाताळ्याने ती सपाट करायची आणि दिवसभर वारा तिच्यावर कशा लाटा उठवतो ते काढत बसायचं. ते गेल्यावरही घर तसंच ठेवलंय. कोणीही यावं, ओसरीवर बसून चित्र काढावं. संध्याकाळी त्यातलं एक निवडून त्यांच्या खिडकीशेजारी महिनाभर लावतात.

ती भिंत मला हवी होती! इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळवलेली बाई मी. निलेशच्या प्रोजेक्टमागे जपानला आले आणि गेली चार वर्षं डबे भरायच्या कारखान्यात भातावर काळे तीळ पेरते आहे. कलेशी संबंध उरलाय तो एवढाच. ह्या एका दिवसासाठी मी सुट्ट्या साठवल्या, आणि त्यात निलेशने परस्पर सासूबाईंना बसवलं. "आईचंही तेवढंच फिरणं होईल," म्हणे.

आई पुण्याहून आल्यापासून धुमसत होत्या. दारात रांगोळी काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही, आणि आमच्या बिल्डिंगच्या मॅनेजरने कमरेत वाकवाकून सांगितलं होतं की कॉमन पॅसेजमध्ये पावडर सांडू नका. दोन महिने त्या बाईच्या बोटांचा उपास चालला होता. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

घरात शिरताना मोरिता-सानने आमचे बूट काढून घेतले आणि घरातल्या स्लिपर दिल्या. ह्या मोरिता-सान घर सांभाळतात. सत्तरीच्या, आवाज देवघरातल्यासारखा. मी ओसरीवर कागद मांडला. हळूहळू टेकडीची कड जमली, मागे समुद्राची रेघ आली. किती वर्षांनी हात माझं ऐकत होता! खरं सांगते, मी सुखात होते.

"मधुरा, एक पेन्सिल दे गं."

"घ्या." (न बघता दिली. इथेच बुडाले.)

थोड्या वेळाने ओसरीवरच्या सगळ्यांच्या पेन्सिली थांबल्या. मी मान वर केली. अंगणाच्या मधोमध, पदर खोचून, अनवाणी आमच्या आई! पेन्सिलीच्या मागच्या टोकाने शंख झाला होता, गोपद्मं झाली होती, कमळाची शेवटची पाकळी चालली होती.

"अहो आई! ती वाळू म्हणजे त्यांचं चित्र आहे!"

"कुठलं चित्र? रिकामंच तर होतं! एवढं सारवल्यासारखं अंगण, आणि दारात साधं स्वस्तिक नाही. मेलं, बघवेना."

"सुमिमासेन, सुमिमासेन!" करत माफी मागत मी अंगणात उडी मारली. इतका वेळ रांगोळी मुकाट्याने बघणाऱ्या मोरिता-सान आता किंचाळल्या.

"ममा, स्लिपर! दामे! नाही चालत!" आमची नऊ वर्षांची सई ओरडली. खाली बघितलं. त्यांच्या घरातल्या स्लिपर घालून मी वाळूत उभी! घाईघाईने एका पायावर उभी राहून त्या काढायला गेले आणि धप्पकन कमळावर बसले.

मोरिता-सान हळू आवाजात बरंच बोलल्या. "काय म्हणतायत गं?" मी सईला विचारलं.

"आजीचं ओके, ते वारा पुसेल. पण घरातल्या स्लिपर बाहेर आणलेलं त्यांनी लाइफमध्ये पाहिलं नाहीये."

"मधुरा, तुझा कागद!" हे निलेश. माझा कागद ओसरीवरून उडाला, टेकडीवर गेला, टेकडीपलीकडे गेला. निलेशने पाठलाग केला, पण फक्त कॅमेऱ्याने. व्हिडिओ चालू होता ना! मला रडू आलं. चार वर्षांचं एकदम आलं, तिथेच, वाळूत बसून.

"अगं, रडतेस काय?" आई म्हणाल्या. "ऊठ जरा. पुसलं तेवढं कमळ मी परत काढते."

संध्याकाळी चित्र निवडलं गेलं. कोबेहून आलेल्या एका आजोबांचं. अंगणभर शंख, गोपद्मं, वाकलेल्या आई. आणि उजव्या कोपऱ्यात, हातात स्लिपर धरून बसलेली एक जाड बाई. नाक लाल दाखवलं होतं. मोरिता-सानने ते स्वतः खिडकीशेजारी टांगलं.

"लागलीस हो भिंतीवर!" आई कौतुकाने म्हणाल्या.

"तुला हेच हवं होतं ना?" निलेश म्हणाला. "टेक्निकली."

इंटरमिजिएट, ए ग्रेड. कलेतलं माझं स्थान अखेर ठरलं: उजवीकडे, खाली, कमळावर.