भरून ठेवलेल्या सिरिंजा

हॉस्पिटलात सगळे तिला पाठीमागे 'थांबाबाई' म्हणायचे. भूल द्यायचं काम तिचं, आणि पेशंट टेबलावर आला की पहिला शब्द ठरलेला, "थांबा!" सगळं खोदून विचारल्याशिवाय ती सुईला हात लावायची नाही. सर्जनला याचा भारी वैताग. झटपट गुंगीसाठी केटामिनच्या सिरिंजा त्याच्या ट्रेमध्ये सकाळीच भरून तयार असायच्या. माणूस कोण, त्याला काय आजार, ते मागाहून! नुसत्या पाट्या टाकायच्या. तो ट्रे बघून तिला रोज शिसारी यायची.

एकदा पायाला गळू झालेली इस्त्रीवाली आली. थांबाबाईने विचारलं तेव्हा सहज म्हणाली, "डोक्यातल्या रक्तवाहिनीला फुगा आहे म्हणे. गेल्या वर्षी फोटोत दिसला." केटामिनने रक्तदाब चढतो. तो चढून फुगा फुटला, की बाई टेबलावरच संपली.

"पाच मिनिटांचं काम आहे, मॅडम," सर्जन करवादला. "द्या आणि मोकळ्या व्हा."

"आणि ती मेली म्हणजे? लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?"

तिने सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली आणि घोट्याभोवती हळूहळू सुया देऊन फक्त पाऊल बधिर केलं. इस्त्रीवाली गप्पा मारत गळू कापून घेऊन घरी गेली. झालं काहीच नाही, आणि तेच थांबाबाईला भोवलं. "बघा, उगाच बाऊ केला," म्हणत सर्जनने दुसरा भूलवाला आणला, हातात देतील ते मुकाट टोचणारा.

काही महिन्यांनी सर्जनचाच फोन. त्याच्या आईच्या हाताला गळू झालं होतं, आणि पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगवटा होता. "मॅडम, तुम्हीच या. हवा तेवढा वेळ घ्या." आवाजात नुसती साखर.

म्हातारीचा काय दोष, म्हणून ती गेली. भरलेल्या सिरिंजा आधी बाजूला साराव्यात म्हणून तिने ट्रेकडे हात नेला, तर ट्रे रिकामा.

"मीच उचलल्या," सर्जन म्हणाला. "आईला चालणार नाहीत ना."

म्हणजे मेल्याला सगळं कळत होतं!

"कुठे ठेवल्यात?"

"शेजारच्या खोलीत. बाकीचे पेशंट आहेत ना आज."

तिने म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला. "आजी, थोडं थांबा हं," म्हणाली, आणि शेजारच्या खोलीत जाऊन एकेक सिरिंज बेसिनमध्ये रिकामी करू लागली.